रॅम भरली म्हणून सर्व्हर रीस्टार्ट करू नका

ज्यांना पूर्ण भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा चालत्या पीएमपीमध्ये कमांड लिहून घेणं जमलं नाही, त्यांच्यासाठी हे या भागाचं लिखित रूप. बोलताना मी जे 'अं' आणि 'म्हणजे काय' करत बसते ते गाळलंय. बाकी जसं बोलले तसंच आहे.

पिरंगुटहून एका मुलाचा मेसेज आला होता. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी त्याने आणि त्याच्या मित्रांनी वर्गणी काढून एक छोटा क्लाउड सर्व्हर भाड्याने घेतलाय, चार जीबी रॅमचा. कंपनीच्या पॅनेलवर लाल पट्टी दिसते: मेमरी ९६ टक्के वापरात. त्याचा प्रश्न असा, की ताई, आठ जीबीचा घेऊ का? भाडं दुप्पट होतंय, पण रोज रीस्टार्ट करून कंटाळा आलाय.

त्याला लगेच उत्तर दिलं: घेऊ नकोस, आणि रीस्टार्टही करू नकोस. त्याच्या सर्व्हरला काहीही झालेलं नाही. पण हाच लाल पट्टा दुसऱ्या एखाद्या सर्व्हरवर खरोखर धोक्याचा असू शकतो. तेव्हा फरक कसा ओळखायचा, आजचा भाग तेवढ्यासाठी.

आपण मुळशीकर आहोत, तर धरणापासूनच सुरू करू. ऑगस्टअखेर मुळशी धरण भरतं तेव्हा पेपरात बातमी येते आणि ती आनंदाची असते. 'धरण ९६ टक्के भरलं, आता काय करायचं' म्हणून कोणी घाबरत नाही. उलट मे महिन्यात धरणात सगळ्यात जास्त मोकळी जागा असते, तेव्हा कोणी पेढे वाटत नाही. या धरणाचं पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पलीकडे, रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याच्या वीजघरात उतरतं, १९२७ पासून. साठा असेल तर वीज. रिकामं धरण म्हणजे बांधून वाया गेलेलं धरण. (आता इथे कोणी म्हणेल, या धरणाबद्दल एवढ्या सहज बोलू नकोस. बरोबर आहे. या पाण्याखाली गावं आहेत, आणि १९२१ साली सेनापती बापटांनी उभा केलेला सत्याग्रह त्याचसाठी होता. तो विषय असा जाता जाता उरकण्यासारखा नाही, त्यासाठी वेगळा भाग करणार आहे. आज फक्त साठ्याचं गणित घेते.)

लिनक्स रॅमकडे असंच बघतो. तुमच्या प्रोग्रॅमना जेवढी लागते तेवढी त्यांना देतो आणि उरलेली रिकामी ठेवत नाही. डिस्कवरून एकदा वाचलेली फाइल तो रॅममध्ये तशीच ठेवून देतो, कारण ती पुन्हा लागण्याची शक्यता असते. याला पेज कॅश म्हणतात. उद्या एखाद्या प्रोग्रॅमला जागा हवी झाली, की कॅशमधलं जुनं काढून तो ती जागा लगेच देतो. धरणाचं दार उचलायचं, बस.

हे का करतो, ते आकड्यांवरून कळेल. अगदी ढोबळ आकडे घेते. रॅममधून एक गोष्ट उचलायला १०० नॅनोसेकंद लागतात असं धरा. एसएसडीला त्याच्या हजारपट वेळ लागतो, आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कला लाखपट. माणसांच्या वेळेत सांगायचं तर, रॅममधून आणायला एक सेकंद लागला, तर एसएसडीवरून आणायला साधारण सतरा मिनिटं आणि हार्ड डिस्कवरून आणायला एक दिवस चार तास. म्हणजे ओट्यावरचं मीठ उचलणं, मीठ आणायला पौडच्या बाजारात जाऊन येणं, आणि मिठासाठी थेट कोकणात मिठागरावर जाऊन, एक मुक्काम करून परत येणं. ओट्यावर जागा असताना मीठ उचलून आत कशाला ठेवायचं?

आता त्या मुलाच्या सर्व्हरवर 'फ्री' ही कमांड चालवली. 'फ्री', एक जागा सोडून वजाचं चिन्ह, त्याला लागून 'एम'. आकडे एमबीमध्ये येतात. त्याचे असे आले: एकूण ३,९००. वापरात १,१५०. मोकळी १६०. बफर आणि कॅश मिळून २,५९०. आणि सगळ्यात शेवटचा रकाना, 'अव्हेलेबल', म्हणजे उपलब्ध: २,४७०.

पॅनेलने फक्त 'मोकळी' पाहिली. ३,९०० पैकी १६० मोकळी, म्हणजे बाकीची ९६ टक्के गेली. पण आपण बघायचा रकाना शेवटचा. नवीन प्रोग्रॅमला अडचण न होता किती देता येईल, याचा लिनक्सने स्वतः लावलेला अंदाज म्हणजे 'उपलब्ध'. तो आकडा कर्नलमध्ये २०१४ साली, ३.१४ या आवृत्तीत आला. त्याआधी लोक मोकळी अधिक कॅश अशी बेरीज करायचे, आणि ती चुकायची, कारण सगळी कॅश सोडता येत नाही. पोराकडे अडीच जीबीच्या आसपास हाताशी आहे. झोप शांत.

इंटरनेटवर अजून एक उपाय फिरतो, तोही त्याने विचारला: दर तासाला कॅश रिकामी करणारी कमांड लावून ठेवायची. 'ड्रॉप कॅशेस' नावाची. लावली की पट्टी हिरवी होते आणि फार बरं वाटतं. मग पुढचा अर्धा तास सर्व्हर प्रत्येक फाइलसाठी पुन्हा डिस्कवर हेलपाटे घालतो. कर्नलच्या स्वतःच्या कागदपत्रांत लिहिलंय की ही सोय चाचणीसाठी आहे, एरवी वापरू नका. धरणाची पातळी कमी दिसावी म्हणून रोज दारं उघडून पाणी सोडून देण्यातला हा प्रकार.

तुमच्या हातातला फोनही यातलाच आहे बरं का. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचाच कर्नल आहे. तुम्ही बंद केलेलं ॲप तो लगेच टाकून देत नाही, रॅममध्ये ठेवतो, म्हणजे पुन्हा उघडताना चटकन उघडतं. जागा कमी पडली की सगळ्यात कमी महत्त्वाचं ॲप तो स्वतःच काढतो. त्यामुळे ते 'रॅम क्लीनर' आणि दर दहा मिनिटांनी सगळी ॲप्स वर सरकवून टाकायची सवय, दोन्हींचा उपयोग शून्य. काढलेलं ॲप परत उघडताना पहिल्यापासून चढवावं लागतं, बॅटरी त्यात जाते. क्लीनर ॲप स्वतः किती रॅम खातं ते कधी बघा, करमणूक होईल.

बरं, मग खरी अडचण कधी?

तीन खुणा. पहिली, 'उपलब्ध'चा आकडा खाली जातो आणि खालीच राहतो. एकूण रॅमच्या पाच-सात टक्क्यांच्या आत आला, की मी खुर्ची पुढे ओढते. दुसरी, स्वॅप. स्वॅप म्हणजे रॅममधलं न लागणारं सामान डिस्कवर नेऊन ठेवायची जागा. स्वॅपमध्ये काही असणं वाईट नाही. माळ्यावर सामान असतंच. पण सामान सारखं वर-खाली होत असेल तर घरात राहायला जागा उरलेली नाही. ते बघायला 'व्हीएमस्टॅट' आणि पुढे '१' असं लिहायचं. दर सेकंदाला एक ओळ येते. त्यात 'एसआय' आणि 'एसओ' असे दोन रकाने असतात, आत येणारं आणि बाहेर जाणारं. ओळीमागून ओळ तिथे मोठे आकडे येत असतील, तर सर्व्हर काम करतच नाही, नुसता हमाली करतोय. धरणावरही पातळीपेक्षा आवक-जावक महत्त्वाची असते, तसंच.

तिसरी खूण म्हणजे मुडदा. रॅम संपली, कॅश सोडून झाली, स्वॅप भरला, तरी कोणीतरी अजून मागतंय. मग लिनक्स एका प्रोग्रॅमला ठार मारतो. या जल्लादाचं नाव 'आउट ऑफ मेमरी किलर', लोक ओओएम किलर म्हणतात. तो नोंद ठेवतो. 'डीमेसेज' कमांडमध्ये किंवा 'जर्नलसीटीएल'मध्ये कर्नलच्या नोंदी काढल्या की 'आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस' अशी ओळ सापडते, पुढे मेलेल्याचं नाव.

आणि इथेच बहुतेक लोक फसतात. नाव वाचतात आणि त्यालाच दोषी धरतात. ओओएम किलर गुन्हेगार शोधत नाही. त्या क्षणी ज्याच्याकडे सगळ्यात जास्त मेमरी आहे, साधारणपणे त्याला उचलतो, कारण एका फटक्यात जास्तीत जास्त जागा मोकळी करायची असते. बहुतेक सर्व्हरवर सगळ्यात लठ्ठ कोण? डेटाबेस. तो बिचारा दोन वर्षं तेवढीच जागा घेऊन बसलेला असतो. मागणी भलत्याचीच वाढते आणि मान याची जाते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

याचं पूर्ण प्रकरण सांगते, कारण नुसत्या व्याख्यांनी हे डोक्यात बसत नाही.

मी काम करते हिंजवडीत. हिंजवडी मुळशी तालुक्यात येते हे तिथे काम करणाऱ्या निम्म्या लोकांना माहीत नसतं, त्यांना वाटतं ते पुणंच. माझं घर मात्र पौडच्या बाजूला, त्यामुळे आजूबाजूच्या गावात 'ती कंप्युटरवाली' म्हणून ओळख आहे आणि प्रिंटरपासून सर्व्हरपर्यंत सगळं माझ्याकडे येतं. असंच एक छोट्या डेअरीचं काम आलं. आठ-दहा संकलन केंद्रं, मिळून सहाशेच्या आसपास दूध उत्पादक. सकाळ-संध्याकाळ दूध येतं, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, सगळं केंद्रावरच्या यंत्रातून थेट क्लाउडवरच्या एका सर्व्हरमध्ये जातं. दर दहा दिवसांनी बिल निघतं, एक, अकरा आणि एकवीस तारखेला. आमच्याकडे त्याला दुधाचा पगारच म्हणतात. त्या पैशांवर पेंडीचं बिल, किराणा, पोरांची फी अवलंबून असते.

आणि नेमकं त्याच तीन तारखांना सर्व्हर पडायचा. निम्म्या पावत्या छापून व्हायच्या आणि पडद्यावर 'डेटाबेसशी संपर्क होत नाही' अशी ओळ यायची. पावती न मिळालेली माणसं सकाळी दारात उभी. सॉफ्टवेअर ज्यांनी दिलं होतं ते फोनवर एकच सांगायचे: रॅम कमी पडतेय, वाढवा. डेअरीने चारची आठ जीबी केली. पुढचे दोन पगार नीट निघाले. तिसऱ्याला पुन्हा तेच. आता सोळा करा म्हणाले.

सचिव तात्या मला म्हणाले, "पोरी, पैसे देतो गं, पण सोळानंतर बत्तीस म्हणतील. याला शेवट आहे का?"

प्रश्न अगदी बरोबर होता. आणि बघा, संगणकाचं काहीही न कळता त्यांनी दुखण्याची वाढ ओळखली होती.

मी गेले तेव्हा चार तारीख होती. सर्व्हर ठणठणीत. उपलब्ध मेमरी भरपूर. डेटाबेस मेला की त्याला आपोआप पुन्हा उभं करायची सोय असते, ती चालू होती, त्यामुळे पाच मिनिटांनी बघाल तर काही झालंच नव्हतं असं वाटावं. कर्नलच्या नोंदीत मात्र ओळी होत्या, सगळ्या मायएसक्यूएलच्या नावाच्या, सगळ्या एक, अकरा, एकवीसच्या. म्हणजे मेला कोण ते कळलं. मारायची वेळ कोणी आणली ते नाही.

अशा वेळी मी एकच गोष्ट करते, पाळत ठेवते. दर मिनिटाला 'फ्री'चे आकडे, आणि सगळ्यात जास्त मेमरी घेणाऱ्या दहा प्रोसेसची यादी, वेळेसकट एका फाइलमध्ये लिहित जाणारी दोन ओळींची स्क्रिप्ट. क्रॉनमध्ये टाकली आणि घरी गेले. यासाठी महागडं मॉनिटरिंग लागत नाही. 'पीएस' कमांडला मेमरीनुसार उतरता क्रम लावायला सांगता येतं, तेवढं पुरतं. समोर बसून बघायचं असेल तर 'टॉप' उघडून कॅपिटल एम दाबा, आणि 'रेस' हा रकाना वाचा. शेजारच्या 'व्हर्ट'कडे बघू नका, तिथे प्रोग्रॅमने नुसतं मागून ठेवलेलंही मोजलेलं असतं आणि आकडे बघून उगाच छाती धडधडते.

अकरा तारखेला रात्री सर्व्हर पडला. बारा तारखेला सकाळी मी फाइल उघडली. नऊ वाजून चौदा मिनिटांपर्यंत सगळं सपाट. मायएसक्यूएल चार जीबीच्या थोडं वर, रोजच्यासारखं. पंधराव्या मिनिटाला यादीत एक पीएचपीची प्रोसेस आली, तीनशे एमबी. सतराव्या मिनिटाला ती आठशेवर, आणि खाली दुसरी, तशीच. एकोणिसाव्या मिनिटाला तिसरी. तिन्ही वाढतायत. बाविसाव्या मिनिटाला तिघी मिळून साडेतीन जीबी, आणि तेविसाव्या मिनिटाच्या यादीत मायएसक्यूएल नाही.

बघा आता. एकेकटी बघितली तर प्रत्येक पीएचपी डेटाबेसपेक्षा लहान. म्हणून जल्लादाने डेटाबेस उचलला. खाल्लं या तिघींनी.

पण तिघी का? बिल तर एकदाच काढायचं असतं. डेअरीत संध्याकाळी बसणारा मुलगा समोरच होता. त्याला विचारलं, बिल काढताना नेमकं काय करतोस? "ताई, बटण दाबतो. फिरत राहतं. दोन-तीन मिनिटांत नाही आलं तर पेज रिफ्रेश करून परत दाबतो." कोणीही हेच करेल. मीही रेल्वेच्या तिकिटाला हेच करते. पण प्रत्येक दाबण्याबरोबर सर्व्हरवर नवीन बिल सुरू होत होतं आणि जुनं थांबत नव्हतं.

आणि एका बिलाला एवढी मेमरी का, ते कोडमध्ये सापडलं. दहा दिवसांचं बिल काढण्यासाठी ते सॉफ्टवेअर पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या नोंदी एकदम रॅममध्ये घ्यायचं आणि मग त्यातले दहा दिवस वेगळे काढायचं. हिशेब करा. सहाशे उत्पादक, दिवसाला दोन नोंदी, म्हणजे दिवसाच्या १,२००. वर्षाच्या ४ लाख ३८ हजार. चार वर्षांच्या साडेसतरा लाख. पीएचपीच्या यादीत एक नोंद, सगळे रकाने धरून, सुमारे एक केबी धरली तर पावणेदोन जीबी. आणि लागणाऱ्या नोंदी किती? दहा दिवसांच्या, १२ हजार. म्हणजे १२ एमबी. पेलाभर ताकासाठी अख्खं धरण घरात आणायचा प्रकार.

पीएचपी मुळात एका स्क्रिप्टला इतकं खाऊ देत नाही. तिची ठरलेली मर्यादा १२८ एमबी असते, त्यापुढे स्क्रिप्ट थांबते आणि चूक दाखवते. इथे कोणीतरी ती मर्यादा 'उणे एक' करून ठेवली होती. उणे एक म्हणजे अमर्याद. केव्हातरी चूक दिसली असणार, कारण शोधण्याऐवजी कुंपणच काढून टाकलं. आठ जीबी केल्यावर आणखी एक गंमत झाली होती. रॅम वाढली म्हणून डेटाबेसचा वाटाही दुपटीने वाढवला गेला होता. त्यामुळे विकत घेतलेल्या चार जीबीतली निम्मी तिथेच गेली, आणि तो अजून लठ्ठ, अजून सोपं सावज झाला.

दुरुस्ती म्हणाल तर अर्ध्या दिवसाची. सॉफ्टवेअरवाल्यांना फाइल पाठवली, तारखा आणि मिनिटांसकट. त्यानंतर 'रॅम वाढवा' हे वाक्य पुन्हा आलं नाही. त्यांनी डेटाबेसलाच दहा दिवसांच्या नोंदी निवडायला सांगितलं, बिल चालू असताना दुसरं सुरू होणार नाही असं कुलूप घातलं, आणि बटण एकदा दाबलं की करडं होऊन बसतं. मर्यादा २५६ एमबीवर आणली. पुढच्या एकवीस तारखेला बिल एका मिनिटाच्या आत निघालं. तो मुलगा म्हणाला, एवढ्यात झालं म्हणजे काहीतरी चुकलं असणार, आणि त्याने वीस पावत्या हाताने तपासल्या. बरोबर होत्या. त्या महिन्याअखेर तात्यांनी सर्व्हर परत चार जीबीवर आणून घेतला. मी सांगितलं नव्हतं, त्यांनी स्वतः विचारलं, "मग ती वरची चार कशाला भरायची?"

म्हणून मी म्हणते रीस्टार्ट करू नका. निदान पाच मिनिटं थांबा. रीस्टार्ट केला की रॅममधलं सगळं पुसलं जातं, आणि पुरावाही त्यातच असतो. आधी 'फ्री', मेमरीनुसार 'पीएस', 'व्हीएमस्टॅट'च्या दहा ओळी आणि कर्नलच्या नोंदी, एवढं एका फाइलमध्ये उतरवून घ्या. मग लोक खोळंबले असतील तर खुशाल रीस्टार्ट करा.

आणि कधीकधी रीस्टार्टने सुटतही नाही. मंगळावरचं प्रकरण माहीत आहे का? नासाची स्पिरिट नावाची गाडी जानेवारी २००४ मध्ये तिथे उतरली. अडीच आठवडे छान काम केलं आणि २१ जानेवारीला गप्प झाली. नंतर कळलं की ती पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत होती, साठाहून जास्त वेळा. तिच्याकडे १२८ एमबी रॅम आणि २५६ एमबी फ्लॅश होती, आपल्या फोनमधल्या एखाद्या गेमलाही पुरणार नाही इतकी. पृथ्वीवरून निघाल्यापासूनच्या हजारो फाइली फ्लॅशवर साठल्या होत्या. चालू होताना त्या सगळ्यांची यादी रॅममध्ये घ्यायची पद्धत होती, आणि यादीच एवढी मोठी झाली की तिच्यासाठी ठेवलेली जागा पुरेना. जागा नाही, म्हणून रीस्टार्ट. रीस्टार्ट झाला की पहिलं काम तीच यादी. इंजिनिअरांनी तिला फ्लॅश न वाचताच चालू व्हायला लावलं, मग फाइली काढल्या, शेवटी फ्लॅश फॉरमॅट केली. नव्वद मंगळ-दिवसांसाठी पाठवलेली ती गाडी २०१० पर्यंत संपर्कात राहिली. तिथे कोणाला 'रॅम वाढवा' म्हणायची सोय नव्हती, हे एका अर्थी बरंच झालं.

आता मेमरी हळूहळू वाढते तेव्हा. डेअरीचं प्रकरण सुळक्यासारखं होतं, एकदम उभं. दुसरा प्रकार ताम्हिणीच्या घाटासारखा, कोकणातून वर येताना: वळण घेत घेत चढ, चढ आणि चढ. रोज थोडी वाढ, रात्री काम नसतानाही खाली येत नाही. ही गळती, म्हणजे मेमरी लीक. प्रोग्रॅम घेतो आणि परत करायला विसरतो. तिसरा प्रकार पठार: सुरुवातीला चढते आणि मग एका उंचीवर महिनोन्‌महिने सपाट. पठाराला हात लावायचा नसतो. नवीन मुलं सगळ्यात जास्त पठाराशीच भांडतात. ओळखायला एका दिवसाचे आकडे पुरत नाहीत, आठवड्याचे घ्या. गळती सापडली आणि कोड तुमचा नसेल, तर त्या एकाच प्रोग्रॅमला ठरावीक वेळी रीस्टार्ट करणं हा कामचलाऊ उपाय आहे आणि तो मी वापरते. पण त्या प्रोग्रॅमला, अख्ख्या सर्व्हरला नाही.

वेबसाइट चालवणाऱ्यांसाठी एक गणित, वही काढा. चार जीबी म्हणजे हाताशी ३,९००. सिस्टिमला ४०० ठेवा, डेटाबेसला १,५००. उरले २,०००. तुमचा एक पीएचपी वर्कर साधारण ६० एमबी घेत असेल तर तेहतीस वर्कर बसतात. तेहतीस लिहू नका, पंचवीस लिहा. मी असे सर्व्हर पाहिलेत जिथे कुठल्यातरी ब्लॉगवरून उचलून दीडशे लिहिलेले असतात. एरवी चालतं, कारण एकाच वेळी दहाच लोक येतात. मग निकालाचा दिवस उजाडतो. तसंच मायएसक्यूएलच्या कागदपत्रांत रॅमच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत बफर पूल द्या असं आहे, ते फक्त डेटाबेससाठीच ठेवलेल्या मशीनबद्दल आहे. अर्धं वाक्य वाचून तेच आकडे वेबसाइट आणि डेटाबेस एकत्र असलेल्या मशीनवर टाकतात.

वर्करची मेमरी मोजताना 'रेस'चे आकडे सरळ बेरजेत धरू नका. सगळे वर्कर काही पानं वाटून वापरतात, बेरजेत ती प्रत्येक वेळी मोजली जातात. एकाच घरातल्या चार जणांनी 'आमच्याकडे विहीर आहे' म्हटलं म्हणून विहिरी चार होत नाहीत.

डॉकर वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. कंटेनरला स्वतःची मर्यादा घातलेली असेल, तर बाहेर सर्व्हरवर दहा जीबी पडलेली असूनही कंटेनर आत गुदमरून मरतो. तो १३७ हा आकडा देऊन बंद पडला असेल तर आधी तिथे शंका घ्या. १२८ अधिक ९, आणि नऊ म्हणजे 'जागच्या जागी मार' हा सिग्नल. तो दुसऱ्या कोणीही दिलेला असू शकतो, म्हणून कर्नलची नोंद तपासायचीच.

एवढं करूनही अडलात, तर मला पाठवा. पण 'सर्व्हर स्लो आहे, प्लीज हेल्प' एवढंच नको. 'फ्री'चे आकडे, मेमरीनुसार पहिल्या दहा प्रोसेस, ओओएमची ओळ असेल तर तिची तारीख-वेळ, आणि त्या वेळी कोण काय करत होतं, हे पाठवा. शेवटचं विचारायला थोडं उठून शेजारच्या खुर्चीपर्यंत जावं लागतं, जा. आणि पासवर्ड पाठवू नका रे बाबांनो, गेल्या महिन्यात तिघांनी पाठवलाय.